साहेबांचे काका

आमच्या ह्यांना अडकलेल्या माणसांशी बोलायचा पगार मिळतो. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ते फोनवर असतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध रुसली की आतल्या माणसानं लाल बटण दाबायचं, आणि ते वाजतं ह्यांच्या टेबलावर. मेकॅनिक पोचेपर्यंत हे बोलत राहतात. फार शहाणपणाचं काही नाही. "मी आहे फोनवर. दाराला टेकू नका. पिशवीत काय काय आणलंय?" असलंच. एका बाईंनी तर लिफ्टमधून ह्यांना मुलाच्या लग्नातले सगळे रुसवेफुगवे सांगितले, आणि मेकॅनिकनं दार उघडलं तेव्हा म्हणाल्या, "थांबा हो जरा, व्याह्यांचं राहिलंय."

"बाहेर एवढं बोलतो, म्हणून घरी तोंड उघडत नाही," असं सासूबाईंचं म्हणणं. ते खोटं नाही. घरी आल्यावर हे "हं" आणि "बघू" या दोन शब्दांवर आठवडा काढू शकतात.

तर या तक्रार विभागात नवे साहेब आले. एकटे नाही आले, काकांना घेऊन आले. म्हणजे काका प्रत्यक्ष कुणी पाहिले नाहीत, पण साहेबांच्या प्रत्येक बोलण्यात ते असायचे. पहिल्याच मीटिंगला साहेबांनी इंग्रजीतून सांगितलं, की माझे काका असं असं म्हणत. दुसऱ्या मीटिंगला काकांनी आणखी काहीतरी केलं होतं. ऑफिसातली माणसं मान डोलवत. समजलं नाही म्हणून कोण हात वर करणार? ज्याला समजलं नाही तो बाकीच्यांकडे बघायचा, आणि बाकीचे मान डोलावतायत म्हटल्यावर आपणही डोलवायचा. हे घरी येऊन म्हणाले, "फार मोठा माणूस असणार. नुसत्या काकांवर दीड तास बोलले."

मग एक दिवस साहेबांनी फर्मान काढलं. यापुढं अडकलेल्या गिऱ्हाइकाशी इंग्रजीतच बोलायचं, आणि तेही साधं नाही. त्यात वाक्प्रचार हवेत, म्हणी हव्यात, इंग्रजीचा रुबाब हवा. आणि तक्रारीच्या टेबलावर आता दोन खुर्च्या नकोत, एकच पुरे. त्या खुर्चीसाठी मुलाखत होणार. ज्याला खुर्ची मिळणार नाही त्यानं तळघरात, रेकॉर्ड रूमला.

हे ऐकलं आणि माझ्या हातातली सुई थांबली. मी घरी कपडे दुरुस्त करते. पँटच्या चेन, फ्रॉकची फिटिंग, लांबीला जास्त झालेले पडदे. सुई थांबण्याचं कारण ह्यांचा दमा. तळघरात कंपनीनं आजवर बसवलेल्या प्रत्येक लिफ्टचे नकाशे आणि फायली आहेत, आणि त्यांच्यावर तितक्याच वर्षांची धूळ. मागं एकदा एक फाईल शोधायला हे खाली गेले, तर वर येईपर्यंत छातीत शिट्टी वाजायला लागली होती. दोन दिवस उशांचा ढीग लावून बसून झोपले. तिथं रोज आठ तास बसायचं म्हणजे मीच जगबुडीची तयारी करायला हवी होती.

"दुसरं कोण आहे मुलाखतीला?" मी विचारलं.

"चष्मेवाली."

म्हणजे संपलंच. चष्मेवाली ही दुसऱ्या खुर्चीवरची मुलगी. आमच्या लेकीच्या वयाची, इंग्रजी शाळेत शिकलेली. पाणी ओतावं तसं इंग्रजी बोलते म्हणे. ह्यांना "काका" म्हणते आणि स्वतःचं बिस्किट अर्धं मोडून देते. तिचा राग करायचा म्हटलं तरी करता येत नाही, ही एक वेगळीच पंचाईत.

त्याच संध्याकाळी हे फुटपाथवरून एक पुस्तक घेऊन आले. कव्हर फाटून गेलेलं, नावाचं पानही गळालेलं. आत इंग्रजी वाक्प्रचार, खाली अर्थ, त्याखाली वापरून दाखवलेलं एक वाक्य. कुठल्या क्रमानं लिहिलं होतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. हाताला येईल तसं भरलेलं कपाट म्हणा ना.

आता आमच्या पिढीला शिकणं म्हणजे एकच माहीत: पाठ करणं. पाढे पाठ केले, कविता पाठ केल्या, तर वाक्प्रचारांनी काय घोडं मारलंय? हे खुर्ची ओढून माझ्या मशीनशेजारी बसायचे. पुस्तक माझ्या मांडीवर, पाय मशीनच्या पायडलवर. मी शिवायची आणि हे म्हणायचे. मशीनची खटखट आणि ह्यांचा आवाज दोन दिवसांत एका तालात आले.

"माय अंकल ब्रोक द आइस ॲट द पार्टी."

"अर्थ?"

"अनोळखी माणसांत संकोच मोडून बोलायला सुरुवात केली."

"पुढे."

"माय अंकल पुल्ड अप हिज सॉक्स. कंबर कसली. माय अंकल वॉज अंडर द वेदर. बरं नव्हतं. माय अंकल स्पिल्ड द बीन्स. गुपित फोडलं. माय अंकल कट कॉर्नर्स—"

"थांबा. हे सगळीकडं काकाच का हो?"

ह्यांनी विचार केला. "इंग्रजीत काकांना फार मान असावा," म्हणाले. "आपल्याकडं मामाला असतो तसा."

मलाही ते पटलं. न पटायला मी काय इंग्लंडच्या राणीची करवली होते? सहावीनंतर शाळा सुटली आणि पुढचं जे काही आलं ते दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या आणि लेकीची जुनी पुस्तकं यांतून आलं. पुस्तकात काका, साहेबांच्या तोंडीही काका. तेव्हा चांगल्या इंग्रजीची ही खूणच असावी, असं आम्ही दोघांनी धरून टाकलं. गजरा माळल्याशिवाय लग्नाला जायचं नाही, तसं काकांशिवाय इंग्रजी बोलायचं नाही.

लेक कामावरून येऊन चप्पल काढता काढता हे ऐकायची आणि कपाळाला हात लावायची. "बाबा, हे पुस्तक कुठल्या जमान्यातलं आहे? आता कुणी असं बोलत नाही. आता म्हणतात, नो वरीज. म्हणतात, माय बॅड."

"त्यात काका कुठायत?" ह्यांनी शंका काढली.

"काका कशाला हवेत?"

"मग साहेबांना कमी वाटेल."

वाक्प्रचार एकवेळ बरे, त्यांच्यानंतरचं प्रकरण भारी होतं. एकच शब्द, आणि त्याच्या शेजारी एखादा चिमुकला शब्द बसला की त्याचा सगळा स्वभावच बदलणार. 'गिव्ह' म्हणजे देणं. पण 'गिव्ह अप' म्हणजे हात टेकणं, 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणं आणि 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणं. हे तीन दिवस त्यातच अडकले. ह्यांना सोडवायला लाल बटण कुठं दाबायचं ते मला कळेना.

सासूबाई पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "अरे, त्यात अवघड काय? सुनेसारखंच आहे ते. माहेरी एक असते, ज्या घरी पडेल तिथं वेगळीच होते. शेजारी कोण उभा आहे ते बघायचं, म्हणजे ती कशी बोलणार ते कळतं."

"मी बदलले का हो आई?" मी विचारलं.

"तू? तू 'गिव्ह इन' कधी केलंस का सांग."

लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. पण हे त्या दिवशी पहिल्यांदा न अडखळता तो धडा म्हणून गेले.

अडचण एकच होती, आणि ती माझ्या उशिरा लक्षात आली. ह्यांना सगळं येत होतं, पण ओळीनंच. मधलं एखादं विचारलं की गाडी पहिल्या स्टेशनावरून निघायची. "अहो, गुपित फोडलं याला काय म्हणतात?" असं विचारलं की हे डोळे मिटायचे, पायानं ताल धरायचे, ओठांतल्या ओठांत काकांनी आधी बर्फ फोडायचा, मग मोजे वर ओढायचे, मग आजारी पडायचं, आणि तेव्हा कुठं उत्तर यायचं. सातचा पाढा पहिल्यापासून म्हटल्याशिवाय साती नव्वे किती ते आम्हाला तरी कुठं आठवतं?

मुलाखतीच्या दिवशी मी ह्यांच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवून दिली. झिजलेली बाजू आत, चांगली बाहेर. सासूबाईंनी तोंड गोड केलं. दुपारभर माझं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाची पँट मी दोन्ही पायांना वेगवेगळ्या लांबीची केली आणि पुन्हा उसवली.

हे परतले ते चेहरा पाडूनच. हात धुतले, पाणी प्यायले, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले.

"काय झालं?"

"हं."

"अहो, 'हं' नाही चालणार आज."

मग हळूहळू निघालं. आत साहेब होते, हिशेबनीस होते आणि मुख्य कचेरीतून आलेल्या एक मॅडम होत्या. ह्यांच्याआधी चष्मेवाली गेली होती. ह्यांना बसवलं आणि साहेबांनी इंग्रजीतून विचारलं, घाबरलेल्या गिऱ्हाइकाला कसं सांभाळाल? ह्यांनी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत साहेब स्वतःच सुरू झाले. मॅडमकडं बघून म्हणाले, आता माझ्या काकांचंच उदाहरण घ्या.

"म्हणाले, माझ्या काकांनी एका पार्टीत बर्फ फोडला."

"बरं."

"मग म्हणाले, काकांनी मोजे वर ओढले."

पोळपाटावरची लाटी तशीच राहिली.

"मग म्हणाले, पण त्या दिवशी काका अंडर द वेदर होते. आणि श्वास घ्यायला थांबले." हे स्वतःही थांबले. "टेबलाखाली माझा पाय हलायला लागला होता गं. मशीनसारखा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अँड देन युअर अंकल स्पिल्ड द बीन्स."

"अगं बाई!"

"मॅडम म्हणाल्या, ओह, तुम्ही ओळखता त्यांच्या काकांना? साहेबांचा चेहरा असा झाला..." हे शब्द शोधायला लागले. "दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा. आणि चक्क आपल्या भाषेत म्हणाले, तुम्हाला कसं माहीत? ते आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आपली भाषा ऐकली. मी टेबलाकडं बघत बसलो. मग म्हणाले, ठीक आहे, या तुम्ही."

मी पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर काका पार्टीत उभे होते. मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलेलं ह्यांना जेवढं आठवत होतं तेवढं आम्ही पडताळून पाहिलं. सगळं होतं, शब्द न् शब्द, ओळीनं. साहेबांनीही पाठच केलं होतं. तेही बिचारे कुठंतरी, कुणाच्या तरी मांडीवर पुस्तक ठेवून.

"हात दाखवून अवलक्षण," सासूबाई म्हणाल्या. "तोंड मिटून बसला असतास तर?"

"उलट आजी!" लेक उसळली. "बाबा, उद्या पुस्तक घेऊन जा आणि टेबलावर आपटा. सगळ्या ऑफिससमोर. मग बघू कोण कुणाला तळघरात पाठवतंय ते."

"आणि मग?" मी विचारलं. "चारचौघांत ज्याचं धोतर फिटलं तो काय 'या, खुर्चीवर बसा' म्हणेल? त्याच दिवशी खाली पाठवेल, आणि वरून कुलूप लावेल." मी ह्यांच्याकडं वळले. "चोराच्या मनात चांदणं असतं. त्यांना वाटतंय, तुम्हाला पुस्तक सापडलं. तुम्हाला फक्त काका सापडले, असं त्यांना वाटलं पाहिजे."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी केबिनमध्ये जायचं आणि काकांची तब्येत विचारायची."

हे माझ्याकडं बघत राहिले. "खोटं बोलू?"

"तब्येत विचारणं खोटं कधीपासून झालं? सांगायचं, साहेब, तुम्हीच मागं मीटिंगमध्ये काकांची गोष्ट सांगितली होती, ती मनात इतकी बसली की काल तोंडून निघून गेली, माफ करा. आणि आता काका कसे आहेत?"

"पण मीटिंगमध्ये त्यांनी ते बीन्सचं सांगितलं नव्हतं."

"त्यांना तरी कुठं आठवतंय काय सांगितलंय आणि काय राहिलंय? दीड दीड तास बोलतात."

ह्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मला माहीत आहे, ह्यांना खुशामत जमत नाही. जमली असती तर या वयात एका खुर्चीसाठी मोजे वर ओढायची वेळ आली नसती. पण मी ह्यांच्या छातीकडं बघितलं. मग हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात त्याचा अर्थ 'हो' असा आहे.

दुसऱ्या दिवशी हे केबिनमध्ये गेले. साहेब खिडकीकडं तोंड करून उभे होते. ह्यांनी ठरल्याप्रमाणं सगळं म्हटलं, एका दमात, जणू पाठ केलेलं. शेवटी विचारलं, "साहेब, काका आता कसे आहेत?"

साहेब वळले. हे म्हणतात, इतक्या वर्षांत लिफ्टचं दार उघडल्यावर सुटलेले कितीतरी आवाज फोनवर ऐकले, पण असा सुटलेला चेहरा पहिल्यांदाच पाहिला. "आता बरे आहेत," साहेब म्हणाले. मग थोडं थांबून, "चालायला लागलेत." आणि मग राहवेना म्हणून, "तुमच्यासारख्या माणसांचं त्यांना फार कौतुक. कुणी तरी मन लावून ऐकतं, याचं."

"माझा नमस्कार सांगा त्यांना."

"जरूर."

दुपारी ऑर्डर निघाली. तक्रारीची खुर्ची ह्यांना. त्यात लिहिलं होतं, की यांची इंग्रजीची समज खोल आहे. चष्मेवालीबद्दल साहेब सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, की मुलगी हुशार आहे, पण तिच्या इंग्रजीत दम नाही. ऐकणाऱ्याला सगळं लगेच कळतं.

मी देवाला दिवा लावला. जिला येत होतं तिला धूळ, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना खुर्ची. पण दमा माझ्या घरातला होता. चांगुलपणा करताना माणूस आधी आपल्या दारात बघतो, मी काही वेगळी नाही. लेक दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

हे मात्र त्याच दिवशी जिना उतरून तळघराच्या दारापर्यंत गेले. आत नाही, दारापर्यंतच. चष्मेवालीनं नाकाला रुमाल बांधला होता आणि फायलींवर ओलं फडकं फिरवत होती.

"पोरी, वाईट झालं," हे म्हणाले. "खुर्ची तुझी होती."

"काका, तुमचा श्वास आधी. मला माहितीये." ती रुमालाआडून हसली. "आणि खरं सांगू? इथं फार शांत आहे. साहेबांचे काका इथपर्यंत येत नाहीत."

हे चपापले. "तुला... ठाऊक होतं?"

"काका, हिशेबनीसांच्या ड्रॉवरमध्ये तेच पुस्तक आहे. रिसेप्शनवर आहे. साहेब आले त्या महिन्यात सगळ्या ऑफिसनं फुटपाथवरून आणलं. सगळ्यांना वाटतं, फक्त आपल्यालाच कळलंय."

"मग कुणी बोलत का नाही?"

"बोलायचं कुठल्या इंग्रजीत?" ती म्हणाली, आणि तिनं पुढची फाईल ओढली. दुसरीकडं अर्ज टाकलाय, तेही तिनं सांगितलं. तिथं म्हणे साधं बोललेलं चालतं.

सोमवारी हे खुर्चीवर बसले. साहेब स्वतः पाठीमागं उभे, हात मागं बांधून. सकाळी लाल दिवा लागला. कुठल्याशा इमारतीत एक म्हाताऱ्या बाई एकट्याच अडकल्या होत्या, आवाज थरथरत होता.

ह्यांनी घसा खाकरला आणि साहेबांना ऐकू जाईल असं खणखणीत सुरू केलं, "गुड मॉर्निंग, मॅडम! प्लीज डोन्ट गिव्ह अप. एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग!" आणि सवयीनं पुढं जोडलं, "माय अंकल ऑल्सो—"

पलीकडं बटण पुन्हा पुन्हा दाबल्याचा आवाज आला. मग बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, हे मशीन बंद करा. कुणीतरी माणूस द्या हो फोनवर!"

ह्यांनी मागं बघितलं नाही. फोन तोंडाजवळ ओढला, आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाले, "माणूसच आहे, आजी. इथंच आहे मी. खाली बसा बघू आधी. जमिनीवर, हो, साडी मळू दे. भिंतीला पाठ लावा. हं. आता सांगा, कुणाकडं निघाला होतात?"

बाईंनी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मेकॅनिक पोचला, दार उघडलं, कुणीतरी त्यांना हात धरून बाहेर घेतलं, आणि जाता जाता त्या फोनमध्ये काहीतरी म्हणाल्या. ह्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

"शेवटी काय म्हणाल्या?" साहेबांनी मागून विचारलं.

बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या आधी जो कुणी बोलत होता ना, त्याला कामावरून काढून टाका."

"थँक यू म्हणाल्या, साहेब," ह्यांनी सांगितलं.